कोणाचीच नसलेली चूक

आमच्या ऑफिसातल्या मीटिंगच्या खोल्यांना बेंगळुरूतल्या तळ्यांची नावं आहेत. त्यातली बरीचशी तळी बुजवून वर ऑफिसं बांधली, आणि मग ऑफिसांना तळ्यांची आठवण यायला लागली. मी या कंपनीत लागले त्या दिवशी एका मुलीने मला सगळा मजला फिरवून दाखवला होता. झोपाळा दाखवला, कॉफीचं मशीन दाखवलं, रडायला आलं तर जाऊन बसायची एक मऊ उशांची खोली दाखवली. मी म्हटलं, अय्यो, इथे रडायची वेळ येते का? ती म्हणाली, आम्ही एक फॅमिली आहोत. मी समजून घ्यायला हवं होतं.

मी इथे वाक्यं लिहिते. लोकांना सांगितलं तर पटत नाही. एवढी मोठी कंपनी, लोकांच्या फोनमधले पैसे इकडचे तिकडे करते, त्यात वाक्यं कसली लिहायची? पण लिहावी लागतात. पैसे गेले, पैसे आले, पैसे अडकलेत, थोडा धीर धरा, हे सगळं कोणीतरी बसून लिहिलेलं असतं. ‘थोडा धीर धरा’ माझं आहे. त्याबद्दल देशभरातून मला रोज किती शिव्या पडत असतील त्या देवालाच ठाऊक.

दुकानांच्या गल्ल्यावर ती डबी असते ना, गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे टाकले की मोठ्याने ओरडणारी, तिची कन्नड आणि मराठी वाक्यंही माझी. ‘वीस रुपये आले.’ बस्स, एवढंच. त्या तीन शब्दांसाठी मी भांडले होते. कोणाला त्यात कंपनीचं नाव हवं होतं, कोणाला ‘अभिनंदन’ हवं होतं. मी म्हटलं, दुकानदाराने वीस रुपयांची उदबत्ती विकली आहे, किल्ला जिंकलेला नाही. तेव्हाचे साहेब समजूतदार होते. म्हणून ते टिकले नाहीत.

मी भांडले त्याला कारण होतं. आमच्या अप्पांचं चामराजपेटेत पूजासाहित्याचं दुकान आहे. कापूर, उदबत्ती, हळदकुंकू, हार गुंफायचा दोरा, सणाला कोहळे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड कधी शिरलं ते कोणाला आठवत नाही. अप्पांना काचबिंदू झाला आणि हळूहळू नजर गेली. माणूस समोर उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. माल कुठे आहे ते हाताला पाठ. नोटा बोटांनी ओळखायचे. पण लोकांनी नोटा आणणंच बंद केलं आणि फोन पुढे करायला लागले, तेव्हा माझा मोठा भाऊ, अण्णा, म्हणाला की आता पुरे. बाजूच्या मोबाइलवाल्याला दुकान भाड्याने हवंच होतं. अप्पा नुसते जेवायचे थांबले. तेव्हा मी ती डबी आणून गल्ल्यावर ठेवली. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा अप्पा म्हणाले, ‘हे वाक्य तुझं?’ मी हो म्हटलं. ‘छान आहे. चट्‌दिशी संपतं.’

तर अप्पांचं दुकान त्या डबीवर चाललं होतं. डबी खरं बोलते तोवर अप्पा गादीवर. अण्णाची तेवढीच अट होती, एकदा जरी घोटाळा झाला की शटर खाली.

आमच्याकडे नवे साहेब आले. खरं तर ऑफिसात साहेब म्हणायची पद्धत नाही, सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची, म्हणजे पगारातला फरक जाणवत नाही. पण इथे मी नाव घेणार नाही, म्हणून साहेबच म्हणते. ते पुण्याहून आलेले. पहिल्या दिवशी मला म्हणाले, ‘अगं, तू पण मराठी? पण तुझं मराठी किती क्यूट आहे! लाइक, साउथ इंडियन मराठी!’ मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं. ते आणखी खूश झाले. त्यानंतर मी काहीही बोलले की ते आधी हसायचे आणि मग ऐकायचं विसरायचे.

दसऱ्याच्या आधी साहेबांना आयडिया आली. आमच्याकडे आयडिया अंघोळ करताना येते, आणि आली हे सगळ्यांना उभं राहून सांगावं लागतं. आयुधपूजेला देशातल्या दुकानादुकानात आपली डबी बोलणार आहे, तर ती नुसते पैसे काय सांगते? तिने शुभेच्छा द्यायला हव्यात! आधी सनईचे दोन सूर, मग कंपनीच्या परिवारातर्फे तुम्हाला आणि तुमच्या परिवाराला सणाच्या हार्दिक शुभेच्छा, तुमच्या व्यवसायाची भरभराट होवो, आणि मग ‘वीस रुपये आले’. ‘आधी माणुसकी, मग पैसा,’ साहेब म्हणाले. ‘दॅट इज आवर कल्चर.’

चाचणी झाली. खोलीचं दार लावलं, एसी चालू, टेबलावर डबी. एकाने फोनवरून एक रुपया टाकला. सनई वाजली, शुभेच्छा झाल्या, भरभराट झाली, एक रुपया आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात वर केला. म्हटलं, एकामागून एक दहाजणांनी टाकले तर? डबी तर एका वेळी एकच बोलते. साहेब हसले. ‘व्हेरी गुड क्वेश्चन. हे आपण नंतर बोलू.’ आमच्या कंपनीत ‘नंतर बोलू’ म्हणजे तेराव्याचं जेवणही उरकलं असं समजायचं. मी मेलवर लिहिलं. त्यावर साहेबांनी हसरा चेहरा पाठवला.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी ऑफिसात पूजा. बेंगळुरूत या सणाला रिक्षा, बस, कात्री, लेथ, सगळ्यांना कुंकू लागतं, तर आमच्या लॅपटॉपांनी काय घोडं मारलंय? पण लॅपटॉपला कुंकू लावलं तर वॉरंटी जाते म्हणे. म्हणून कुंकवाचे छापील स्टिकर आणले होते, काढले की डाग न राहणारे. खाली पार्किंगमध्ये साहेबांच्या हस्ते कोहळा फोडायचा होता. सेफ्टीवाल्यांनी त्यांना हेल्मेट दिलं. रेशमी कुर्ता, वर पिवळं हेल्मेट, हातात कोहळा. पहिल्यांदा आपटला तो फुटला नाही, टुणकन उडी मारून एका गाडीखाली गेला. कोहळा अप्पांच्या दुकानातला होता. आमच्याकडचा माल घट्ट असतो.

आम्ही तिकडे फोटो काढत होतो तेव्हा चामराजपेटेत काय चाललं होतं ते मला संध्याकाळी अण्णाने सांगितलं. तो बाहेर फुटपाथवर कोहळ्यांच्या ढिगापाशी उभा होता, आत अप्पा एकटे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. लोक पैसे टाकत होते आणि डबी सनई वाजवत होती. एकाच्या शुभेच्छा संपेतो पाचजण पैसे टाकून मोकळे. डबी मागे पडत गेली. कुंकू घेऊन गेलेली बाई घरी पोचली असेल तेव्हा डबी तिचे पैसे आल्याचं सांगत होती. अप्पा ऐकायचे आणि गोंधळायचे. हे कोणाचे? पन्नास कोणी दिले? लोक म्हणत होते, टाकले, टाकले. अप्पा म्हणत होते, थांबा, ती सांगू दे. भरभराट होवो, डबी म्हणत होती.

त्यात फूलवाली अक्का आली. कोपऱ्यावर देवळापाशी तिची टोपली असते. मी शाळेत होते तेव्हापासून ती रोज सकाळी आमच्याकडून दोरा नेते आणि नेताना दुकानातल्या देवाच्या फोटोला बोटभर हार अडकवून जाते, त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. त्या दिवशी सणाचा म्हणून तिने रिळांची पिशवीच भरली. तिची गिऱ्हाइकंही फोनवरूनच देतात, म्हणून तिनेही फोनवरूनच पैसे टाकले. ‘हाकिदीनी, अप्पा,’ म्हणाली, टाकलेत. अप्पा थांबले. डबीने दुसऱ्याच कोणाचे तरी तीस रुपये सांगितले. मागचे लोक ढकलत होते. अक्का पुन्हा म्हणाली, टाकलेत. अप्पा सकाळपासून पिचलेले. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अक्का, नवख्याने केलं तर समजतो. रोजच्या माणसाने असं करू नये.’

अण्णा सांगत होता, अक्काने पिशवीतलं एकेक रीळ काढून गल्ल्यावर ठेवलं. सगळी ठेवली. पिशवी झटकली, घडी केली आणि गेली.

ती कोपऱ्यावर पोचली असेल नसेल, डबीने सनई वाजवली. तुम्हाला आणि तुमच्या परिवाराला. आणि मग अक्काचे पैसे आले. पै न पै बरोबर. सगळ्या दुकानाने ऐकलं. अप्पांच्या समोर रिळं पडली होती आणि ते त्यांच्यावरून हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दोरा ती बाजारातून आणायला लागली. देवाच्या फोटोवरचा हार वाळला, तो अप्पांनी काढू दिला नाही. अण्णाने मोबाइलवाल्याशी पुन्हा बोलणं सुरू केलं. मी अण्णाला म्हटलं, थांब, शुक्रवारी ऑफिसात यावर मीटिंग आहे. चूक झालीय हे ते मान्य करतील, लेखी देतील, मी ते अप्पांना वाचून दाखवीन. अण्णा म्हणाला, ‘तुझा त्या लोकांवर विश्वास आहे?’ मी म्हटलं, आहे. कपाळ माझं.

कारण डबीचा गोंधळ एकट्या चामराजपेटेत झाला नव्हता. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, इंदिरानगरात, जिथे गर्दी तिथे. आणि असं काही झालं की आमच्याकडे एक खास मीटिंग होते. तिचा नियम असा, की दोष कोणालाही द्यायचा नाही. नाव घ्यायचं नाही. ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘मी’ तर नाहीच नाही. सनई कोणी घातली नाही, सनई घातली गेली. चाचणी कोणी उरकली नाही, ती उरकली. जे झालं ते जणू आभाळातून पडलं, आणि आपण सगळे ते गोळा करायला जमलोय. का, का, का असं पाचदा विचारत जायचं, म्हणजे पाचव्या ‘का’ला मूळ कारण सापडतं. मला ही पद्धत आधी फार आवडायची. वाटायचं, किती सुधारलेले लोक.

साहेबांनीच सुरुवात केली. फळ्यावर मार्कर घेऊन उभे राहिले. दुकानदारांना त्रास का झाला? एकजण म्हणाला, पैसे आल्याचं उशिरा कळलं. उशिरा का? आधी शुभेच्छा वाजत होत्या. त्या साठत का गेल्या? सणाची गर्दी होती. मी मनात म्हटलं, बाई गं, आता तरी कोणी विचारा, की शुभेच्छा कोणाच्या डोक्यातून आल्या. पण ते ‘का’ नव्हतं, ते ‘कोण’ होतं, आणि ‘कोण’ला तर बंदी. मग गर्दीत उशीर झाला तर अडचण का आली? कारण दुकानदार डबीच्या आवाजाची वाट बघत थांबले. आणि वाट का बघत थांबले? मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘कारण ते स्क्रीन बघत नाहीत.’

‘येस!’ साहेबांनी फळ्यावर गोल काढला. ‘मूळ कारण: दुकानदार आवाजावर फार अवलंबून आहेत.’

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांना दिसत नाही. म्हटलं, त्यांचं दुकान आहे, ते आवाजावर अवलंबून आहेत कारण दुसरं काही नाही, आणि तुमच्या सनईमुळे त्यांनी सगळ्या गल्लीसमोर एका बाईला खोटं पाडलं, जिने त्यांना कधी फसवलं नव्हतं. ‘तुमच्या’ म्हणाले मी. नियम मोडला. आवाज चढला होता आणि मराठी-कन्नड-इंग्रजी सगळं एकत्र बाहेर येत होतं.

साहेबांनी छातीवर हात ठेवला. ‘थँक यू फॉर शेअरिंग. हे फार पॉवरफुल आहे.’ घरून जोडलेल्या लोकांनी पडद्यावर बदाम पाठवले. लाल, पिवळे, जांभळे बदाम माझ्या वडिलांच्या डोळ्यांवरून तरंगत वर गेले. प्रचारवाल्या मुलीने मीटिंग संपताना मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुझे बाबा कॅमेऱ्यासमोर बोलतील का? दृष्टी नाही पण दुकान चालवतात, किती छान गोष्ट आहे. मी तिला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते कन्नडात होतं आणि तिला समजलं.

शेवटी कामं वाटली गेली. कोणाला सनईचं ध्वनिमान तपासायचं, कोणाला तक्रारींची वर्गवारी. दुकानदारांची आवाजावर अवलंबून राहायची सवय मोडायची, हे काम मला मिळालं. ‘तुझं तर पर्सनल कनेक्शन आहे,’ साहेब म्हणाले. आणि हो, दुकानदारांना वाईट वाटू नये म्हणून पुढचा आठवडाभर डबी आधी माफी मागणार होती. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनीच्या परिवारातर्फे दिलगिरी, आणि मग वीस रुपये आले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले. अप्पा गादीवर होते. डबी दिलगिरी मागत होती. एक गिऱ्हाईक कापूर घेऊन कंटाळून उभं होतं. ते गेल्यावर अप्पांनी विचारलं, ‘मग? काय ठरलं तुमच्यात? चूक कोणाची?’

‘कोणाचीच नाही, अप्पा. आमच्याकडे तशी पद्धत आहे.’

अप्पांनी स्वल्प विचार केला. ‘म्हणजे माझी,’ म्हणाले.

‘तुमची कशी? तुम्ही काय केलंत? डबीने—’

‘कोणाची तरी असायला नको का गं? तिने सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. तिला जाऊन काय सांगू, कोणाचीच नाही म्हणून?’ ते उठले. ‘चल. हात दे.’

भर सकाळी शटर अर्धं ओढून, अक्काची रिळं पिशवीत घेऊन आम्ही निघालो. कोपऱ्यापर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता, तरी माझा दंड घट्ट धरला होता. अक्का टोपलीपुढे बसून शेवंती ओवत होती. आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली. आजूबाजूला नारळवाला, चपला सांभाळणारी बाई, देवळातून निघालेले चारदोनजण. अप्पा त्यांच्यासमोरच उभे राहिले आणि शेवंतीच्या वासाने नेम धरल्यासारखे थेट तिच्याकडे वळले. ‘अक्का, त्या दिवशी मी तुला खोटं पाडलं. तुझे पैसे आले होते. माझी चूक झाली.’

एवढंच. ना सनई, ना परिवार. चट्‌दिशी संपलं.

अक्काने हातातलं फूल ओवून दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, ‘पैशाचं नाही, अप्पा. रोजचा माणूस म्हणालात ना, ते लागलं.’ तिचे डोळे भरले, ते अप्पांना दिसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. ‘होगली बिडी,’ ती म्हणाली, जाऊ द्या आता. रिळांची पिशवी ठेवून घेतली आणि टोपलीतून बोटभर हार तोडून माझ्या हातात दिला.

मी तो फोटोला अडकवला. मला वाटलं, झालं, मिटलं, आता अण्णाला सांगायचं की मोबाइलवाल्याला नाही म्हण. मी खूश होऊन काहीतरी बडबडत होते. अप्पा गल्ल्यामागे गेले, चाचपून डबीची वायर शोधली आणि काढली. मग खिशातून दुकानाची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. ‘ही अण्णाला दे.’

मी म्हटलं, अप्पा, अक्का परत येईल आता. सगळे येतील.

‘ती येईल. पण मी कसा बसू? उद्या ती म्हणेल, टाकले, आणि डबी म्हणेल, नाही, तर मी कोणाचं ऐकू? पुन्हा कोणाला तरी चोर म्हणीन.’ ते रागावलेले नव्हते, मला ते रागावलेले हवे होते. ‘डोळे म्हातारपणाने नेले, त्याचं काही नाही, सगळ्यांचेच नेतं. कान तुमच्या कंपनीने नेले.’

मी रडले. तिथेच, उदबत्त्यांच्या पुड्यांमध्ये उभी राहून रडले. त्या मऊ उशांच्या खोलीत कधी गेले नव्हते, ते इथे भरून निघालं.

सोमवारी ऑफिसात कामांचा आढावा होता. पडद्यावर सगळ्यांची कामं लावली होती. सनईचं ध्वनिमान तपासणं चालू होतं, वर्गवारी चालू होती. माझ्यासमोर लिहिलेलं होतं: दुकानदारांची आवाजावर अवलंबून राहायची सवय मोडणे. साहेबांनी विचारलं, काही प्रगती?

मी म्हटलं, हो. एकाची मोडली.

‘सुपर!’ साहेब म्हणाले, आणि तो चौकोन हिरवा केला.